छोट्या स्थानकाचा काळोख

पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्यापासून जवळच, भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एका मोठ्या खोलीत एक अख्खे शहर मांडलेले आहे. त्यातून वाफेची, डिझेलची आणि विजेची इंजिने गाड्या ओढत धावतात, सिग्नल पडतात-उठतात, रोपवे चालतो, एका कोपऱ्यात सर्कशीचा तंबू असतो, आणि निवेदक हे सारे समजावून सांगत असतो. मुले गलका करतात, मोठी माणसे मुलांना उचलून धरतात. मग खोलीतले दिवे हळूहळू मंद होतात आणि त्या इवल्या शहरातले दिवे लागतात. त्या वेळी खोलीत जी शांतता पसरते ती ज्यांनी अनुभवली असेल त्यांना माझे म्हणणे लगेच कळेल. उजेडात जे खेळणे होते ते अंधारात गाव होते.

असे का व्हावे? उजेडात आपल्याला मांडणीच्या कडा दिसतात, फळीखालच्या चौकटी दिसतात, पलीकडे उभा असलेला, शहरातल्या सर्वांत उंच इमारतीपेक्षा कितीतरी मोठा माणूस दिसतो. अंधार या सगळ्या साक्षीदारांना बाहेर काढतो. उरते ती फक्त एक पेटलेली खिडकी. आणि खिडकी पेटलेली आहे म्हणजे आत कोणीतरी जागे आहे, हा निष्कर्ष मन आपोआप काढून मोकळे होते.

मला या गोष्टीचे आकर्षण कोथरूडच्याही आधीपासूनचे आहे. राहात्याला आमच्या अंगणात दिवाळीचा किल्ला होत असे. दगड, विटा, गोणपाट, वर काळ्या मातीचा चिखल, त्यावर पेरलेले हळीव. आमच्या किल्ल्याखाली एक बोगदा असे आणि त्यातून काडेपेट्यांची आगगाडी दोऱ्याने ओढली जाई. शिवकालात आगगाडी कुठून आली, असे मोठी माणसे विचारत. आम्हांला त्या प्रश्नात अडचण दिसत नसे. संध्याकाळी बुरुजावर पणत्या लागत आणि पायथ्याला, बोगद्याच्या तोंडाशी, बॅटरीच्या सेलवर चालणारा एक बल्ब लागे. आज विचार करताना जाणवते, की आमचा किल्ला तीन-चारशे वर्षांच्या अंतरावरचे दोन काळ एकाच ढिगाऱ्यावर नांदवत होता आणि ते दोन काळ वेगळे ओळखू येत होते ते केवळ त्यांच्या उजेडावरून. पणतीचा काळ वर, बल्बचा काळ खाली.

लघुरूपातल्या देखाव्याची तारीख त्याच्या दिव्यांवरून ठरते, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी, स्वतः एक रेल्वे स्थानक बांधायला घेतल्यावर नीट उमगले. या लेखात मला त्याविषयीच सांगायचे आहे. पण त्याआधी या छंदाचा थोडा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे.

खेळण्यातल्या आगगाड्या खऱ्या आगगाड्यांइतक्याच जुन्या म्हणता येतील. परंतु रुळांची ठरावीक रुंदी, एकमेकांना जोडता येणारे तुकडे आणि हळूहळू वाढवत नेण्याजोगा संच ही कल्पना जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबीच्या किल्लीच्या गाड्या १९२० मध्ये आल्या. या साऱ्या गाड्या दिवाणखान्याच्या जमिनीवर धावत. त्यांच्या भोवती गाव नव्हते. गाडीभोवती गाव उभारावे, त्याला ऋतू असावा, वेळ असावी, ही दृष्टी नंतरची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन ॲलन या छायाचित्रकाराने घराच्या तळघरात अशी एक मांडणी वर्षानुवर्षे वाढवत नेली. धंद्याने छायाचित्रकार असल्यामुळे छाया-प्रकाशाचे भान त्याच्या हाडात होते. गंज, काजळी, मोडकी कुंपणे त्याने आवर्जून आणली. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला आणि त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत लागलेल्या आगीत त्याची मांडणी जवळजवळ सगळी नष्ट झाली. आज ती छायाचित्रांत उरली आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये इंग्लंडला आला. ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येकडील खेड्यांतली गवती छपरांची घरे डोळ्यांदेखत बदलत चाललेली त्याने पाहिली. ती वाचवणे त्याच्या हाती नव्हते. मग त्याने ती मोजून, टिपून, अचूक प्रमाणात पुठ्ठ्यात बांधायला घेतली. त्यातून १९५४ मध्ये पेंडन येथील संग्रहालय उभे राहिले. तिथे एक-एक झोपडी पूर्ण व्हायला महिने लागतात. खेळणे आणि दस्तऐवज यांतली सीमारेषा त्या माणसाने पुसून टाकली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

आपल्याकडे लघुरूपाची परंपरा नव्हती असे नाही. किल्ला आहे, चैत्रगौरीची आरास आहे, गणपतीचे हलते देखावे आहेत. मात्र हे सारे मोडण्यासाठी बांधलेले. दहा दिवसांनी, महिन्याने ते उतरते आणि पुढल्या वर्षी नवे होते. चुकीची चिंता त्यामुळे कमी; मावळ्याच्या शेजारून आगगाडी गेली तरी चालते. कायम राहणाऱ्या मांडणीला हे स्वातंत्र्य नाही. ती रोज तुमच्याकडे पाहत राहते आणि रोज विचारते: हे कोणते साल?

माझ्यापुढे हा प्रश्न आला तेव्हा मी उत्तर ठरवले: १९५५, कार्तिक महिना, रात्रीचे आठ. स्थळ दौंड-मनमाड मार्गावरचे एक लहान स्थानक. आजच्या राहाता तालुक्यातले पुणतांबा मनात होते. पण त्या काळच्या इमारतीची विश्वासार्ह मोजमापे हाती नसल्याने मी त्याचे नाव स्थानकाला दिले नाही. पाटी कोरी ठेवली. इतिहासाशी एवढा प्रामाणिकपणा आपल्याला परवडतो.

मांडणीची फळी चार फूट लांब, अडीच फूट रुंद. प्रमाण एकास सत्याऐंशी. या प्रमाणात चार फूट म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे १०६ मीटर. एक डबा साधारण तेवीस-चोवीस सेंटिमीटरचा होतो. पूर्ण गाडी बसणे अशक्य. म्हणून स्थानकात शिरलेल्या गाडीचा शेवटचा डबा आणि त्यामागचा तांबडा दिवा एवढेच दाखवायचे ठरले. साडेपाच फुटी माणूस इथे एकोणीस मिलिमीटरचा होतो. आणि इथेच भारतीय हौशी माणसाची पहिली कोंडी होते. बाजारात मिळणारा या प्रमाणाचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण तो युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाची प्रतिकृती आहे. आपला रूळ १६७६ मिलिमीटरचा. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणजे बाजारचा रूळ घेतला की गाडी भारतीय आणि वाट परकी. घरांचे तसेच. फालरसारख्या जर्मन कंपन्यांचे संच सुबक असतात, पण त्यांत उतरत्या छपरांची आल्प्सकडची घरे निघतात. निंबाखालचे बसके कौलारू स्थानक निघत नाही. रूळ मी स्वतः खिळवले, घरे पुठ्ठ्याची केली. जमिनीसाठी राहात्याचीच काळी माती धोतराच्या फडक्यातून चाळून घेतली, कारण मातीचा साधा खडासुद्धा या प्रमाणात धोंडा होतो.

मग दिवे. माझी पहिली चूक इथे झाली आणि ती सांगण्यासारखी आहे. मी बाजारातून पांढरे एलईडी आणले. प्रखर निळा एलईडी १९९३ मध्ये आला, त्यावरून पांढरा १९९६ मध्ये. त्याआधी हौशी मंडळी गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब वापरत, जे तापत आणि वरचेवर उडत. एलईडी तापत नाही, वर्षानुवर्षे चालतो. मी ते लावले, खोली अंधारली, बटण दाबले, आणि १९५५ चे माझे स्थानक महामार्गावरच्या आजच्या पेट्रोलपंपासारखे लखलखले. शिवाय पुठ्ठ्याच्या भिंतींतून उजेड पाझरत होता, जणू घर कंदिलाच्या कागदाचे आहे.

भिंतींचा उपाय सोपा होता: आतून काळा रंग, कोपऱ्यांना चांदीचा कागद, आणि इमारतीच्या आत खोल्यांचे पडदे, म्हणजे एका खोलीत दिवा लागला की सगळ्या खिडक्या उजळत नाहीत. रंगाचा प्रश्न अवघड होता. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. रॉकेलची ज्योत साधारण १९०० केल्विन, तारेचा घरगुती बल्ब २७००, आपल्याकडची नेहमीची ट्यूबलाइट ६५००. आकडा जितका लहान तितका उजेड तांबूस. म्हणजे दिव्याचा रंग बदलला की साल बदलते. उबदार रंगाचे एलईडी घेऊन त्यांवर नारिंगी काचरंगाचा हात दिला तेव्हा कुठे रॉकेलच्या जवळ पोचलो. दिवा म्हणून ज्या जातीचा एलईडी वापरला तो एक मिलिमीटर लांबीचा. प्रमाणात तो सुमारे नऊ सेंटिमीटर होतो, म्हणजे कंदिलाच्या काचेहून थोडा कमी. त्याच्या तारा शेतीपंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानातून आणल्या. केसासारखी, वार्निश चढवलेली तांब्याची तार राहात्यासारख्या बागायती गावात कुठेही मिळते.

पण रंग जुळूनही दृश्य खोटेच वाटत राहिले. कारण शोधता शोधता एक साधी गोष्ट कळली. घर सत्याऐंशी पटींनी लहान करता येते, माणूस करता येतो. उजेड आपोआप लहान होत नाही. तो हाताने कमी करावा लागतो. बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर एलईडी सुमारे तीन व्होल्ट घेतो, उरलेले नऊ व्होल्ट रोधकाने अडवायचे. एक किलोओहमचा रोधक लावला तर नऊ मिलिअँपिअर प्रवाह जातो. मी दहा किलोओहमपर्यंत गेलो, मग बावीसपर्यंत. प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरच्याही खाली आला, खोलीत डोळे सरावायला पाच मिनिटे लागू लागली, आणि मग फलाट दिसू लागला. खरे तर फलाट दिसेना, फक्त कंदिलांखालची वर्तुळे दिसू लागली. ते बरोबर होते.

१९५५ चा काळोख किती दाट असेल याची आज कल्पना करणे कठीण आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ मध्ये. खेड्यापाड्यांत वीज पोचली ती त्यापुढच्या काळात. परंतु या पट्ट्यात एक उजेड मात्र आधीच आला होता. गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ऊस आणला, उसाने कारखाने आणले: हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना आणि १९५०-५१ च्या हंगामापासून प्रवरानगरचा सहकारी कारखाना, जो आज राहाता तालुक्यातच येतो. चिपाडावर पाण्याची वाफ करून साखर कारखाने आपली वीज आपणच निर्माण करत. म्हणजे क्षितिजावर विजेचा पांढुरका उजाळा, आणि त्याच्या अलीकडे, ऊस पिकवणाऱ्या गावांत, चिमणी आणि कंदील. मधे कुठेतरी गुऱ्हाळाच्या चुलाणाचा तांबडा जाळ. माझ्या मांडणीच्या पार्श्वपटलावर एक अगदी फिका पट्टा उजळतो तो त्या दूरच्या कारखान्याचा. गावाच्या बाजूला मी तीन दिवे ठेवले आहेत. सुरुवातीला अकरा होते. कोणता उजेड कोणापाशी आधी पोचला, हे सांगायला त्या फळीवर दुसरे साधन नाही.

एवढे झाल्यावर गावातल्या एका वृद्ध निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना मी ते बघायला बोलावले. खुर्चीवर बसून त्यांनी बराच वेळ पाहिले. सिग्नलचा हिरवा रंग त्यांना पटला, आणि का पटला ते त्यांनी मला समजावले. जुन्या हाताच्या सिग्नलमागे रॉकेलचा दिवा असे. त्याची ज्योत पिवळी. म्हणून चष्म्यातली ‘हिरवी’ काच खरे तर निळसर असे, पिवळ्या उजेडातून ती हिरवी दिसे. दिवेवाला रोज त्या शिडीवरून चढून दिवा लावत असे, वात कापत असे, काच पुसत असे. मग त्यांनी विचारले, “आणि बॅकलाइट कुठंय?”

मला तो माहीत नव्हता. सिग्नलच्या दिव्याला मागच्या बाजूनेही एक लहानसे छिद्र असते. सिग्नल थांबा दाखवत असताना त्यातून एक पांढरा ठिपका स्थानकाच्या दिशेने दिसतो. हात पडला की तो झाकला जातो. समोरचा तांबडा-हिरवा ड्रायव्हरसाठी, मागचा ठिपका स्टेशनमास्तरांसाठी. अंधारात, पावसात, फलाटावर उभे राहून त्यांना कळले पाहिजे की आपला दिवा विझलेला नाही. “तो दिसला नाही की पळायचं,” ते म्हणाले. “गाडी यायच्या आत.” एकेरी मार्गावर, जिथे समोरून येणारी गाडी आणि आपली गाडी यांच्यामध्ये यंत्रातून काढलेला एक लोखंडी गोळा आणि हे दिवे एवढेच होते, तिथे त्या पांढऱ्या ठिपक्याचे मोल काय असेल ते निराळे सांगायला नको.

मी ओशाळलो. कित्येक महिने मी ते स्थानक प्रेक्षकाच्या बाजूने पाहत होतो, फार तर ड्रायव्हरच्या बाजूने. तिथे रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहून मी ते एकदाही पाहिले नव्हते. आपल्या इतिहासलेखनाबद्दलही हे बरेचसे खरे आहे असे मला वाटते. रेल्वे आली, असे आपण लिहितो. ती येताना कशी दिसली ते लिहितो. तिला रोज येऊ देणाऱ्या माणसाला काय दिसत होते, ते क्वचितच.

त्याच विचाराच्या ओघात माझे लक्ष रुळांखालच्या भरावाकडे गेले. माझा भराव थर्माकोलचा, एका संध्याकाळी कापलेला. खरा भराव कसा झाला? दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याचे मातीकाम १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी काम म्हणून उपाशी माणसांकडून करून घेण्यात आले. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दुष्काळी कामावरची मजुरी घटवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणण्यात आली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजूर त्याच्या निषेधार्थ कामे सोडून गेले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. अहमदनगर जिल्ह्याचे (आताच्या अहिल्यानगरचे) गॅझेटियर १८८४ मध्ये निघाले. त्यात हा मार्ग आहे, स्थानके आहेत, अंतरे आहेत. माती वाहणाऱ्यांची नावे अर्थातच नाहीत.

१९५५ च्या देखाव्यात १८७७ ची माणसे कशी दाखवावीत? पुतळ्या उभ्या केल्या तर माझा पुन्हा दिवाळीचा किल्ला होणार, दोन काळ एका ढिगाऱ्यावर. बरेच दिवस उत्तर सापडले नाही. मग एकदा पुणतांब्याच्या बाजूने जाताना रुळांच्या कडेचे डबके दिसले आणि लक्षात आले की उत्तर जमिनीतच आहे. भरावाला लागणारी माती शेजारूनच खणतात. ते खड्डे रुळाला समांतर मागे राहतात, पावसाळ्यात भरतात, आणि बुजवायला कोणी येत नाही. देशभरच्या जुन्या लोहमार्गांच्या कडेला ते आढळतात. भरावाइतकीच ती खणणाऱ्यांची खूण आहे, फक्त उलटी.

मी फळीच्या पुढच्या कडेला, भरावाच्या पायथ्याशी, असा एक लांबट खड्डा कोरला आणि त्यात पारदर्शक राळ ओतली. कार्तिकात पाणी असतेच. तेवढेच केले.

आता या मार्गावर विजेच्या तारा आहेत. हिंदुस्थानातली रुंद रुळांवरची नेहमीची वाफेची वाहतूक डिसेंबर १९९५ मध्ये संपली. पुणतांब्याहून शिर्डीला फाटा निघाला, साईनगर शिर्डी स्थानक २००९ मध्ये सुरू झाले, आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत तिथवर येते. तिच्या खिडक्यांचा थंड पांढरा उजेड शेतांवरून झपाट्याने सरकत जातो. त्याविषयी माझी तक्रार नाही. कोणी पुढे २०२३ चा देखावा बांधील तेव्हा त्याला माझे नाकारलेले पांढरे एलईडी नेमके उपयोगी पडतील. मी ते एका डबीत ठेवले आहेत.

रात्री कधी मी खोलीतला दिवा मालवून त्या स्थानकापुढे बसतो. पाच मिनिटे काही दिसत नाही. मग कंदील दिसतात, गावातले तीन दिवे दिसतात. सिग्नल वर असतो. त्याचा तांबडा ठिपका खालच्या खड्ड्यातल्या पाण्यात उमटलेला असतो. आणि मान थोडी वळवून फलाटाच्या अंगाने पाहिले, की मागचा पांढरा ठिपकाही दिसतो. तो लागलेला आहे याची खात्री करून मी उठतो.